कोंबडा बदलण्याआधी उरलेली अंडी फोडून बघा

प्रश्न: घरच्याच कोंबड्या आहेत. पंखा असलेलं छोटं इनक्युबेटर घेतलं आणि २४ अंडी लावली. मशिन एकदम भरायचं म्हणून अंडी बारा दिवस स्वयंपाकघरात साठवली होती. सातव्या दिवशी टॉर्च लावून बघितली तर ४ कोरी निघाली, ती टाकून दिली. बाकीची २० अठराव्या दिवशीही जिवंत दिसत होती. तापमान ३७.५ अंशांवर होतं. कोरडं पडलं की पिल्लं मरतात असं ऐकलं होतं म्हणून दमटपणा पहिल्या दिवसापासून ६५ ते ७० टक्के ठेवला. अठराव्या दिवसानंतर तो टिकावा म्हणून हवेची भोकं चिकटपट्टीने बंद केली. विसाव्या दिवशी पहिलं पिल्लू आलं. मग जसजशी वाळली तसतशी पिल्लं बाहेर काढत गेले आणि प्रत्येक वेळी उरलेल्या अंड्यांवर थोडं पाणी फवारलं. तेविसाव्या दिवसापर्यंत एकूण ७ पिल्लं झाली. उरलेल्या १३ अंड्यांपैकी तिघांना चोचीने टवका पडला होता, पण पुढे काहीच झालं नाही. दोन अंडी फोडून बघितली. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू आणि बरंच पाणी होतं. मग पुढची फोडायचा धीर झाला नाही. शेजारी म्हणतात कोंबडा म्हातारा झालाय, बदला. बदलू का? आणि टवका पडलेल्या त्या तिघांना मी हाताने बाहेर काढायला हवं होतं का?

उत्तर:

ताई, कोंबडा राहू द्या. २४ पैकी २० अंड्यांत जीव धरला, म्हणजे ८३ टक्के. घरच्या कळपाच्या मानाने त्याने आपलं काम नीट केलेलं आहे. कोरी निघालेली ४ सुद्धा सगळी त्याच्या खात्यावर टाकू नका. भ्रूण पहिल्या एक-दोन दिवसांत गेला तरी टॉर्चच्या उजेडात अंडं कोरंच दिसतं. पुढच्या वेळी असं अंडं टाकण्याआधी बशीत फोडा आणि बलकावरचा ठिपका बघा. छोटा, घट्ट पांढरा, वेड्यावाकड्या कडेचा ठिपका म्हणजे अंडं फलित झालंच नव्हतं. फिकट, पसरलेली गोल चकती दिसली तर सुरुवात झाली होती आणि लगेच थांबली. त्यात कोंबड्याचा काय दोष? तरीही मनातली शंका जात नसेल तर रोज खायला फोडता त्या ताज्या अंड्यांचे बलक आठवडाभर निरखा. फलित अंड्यावरचा ठिपका थोडा मोठा, गोल आणि कडेला वलय असलेला असतो. बहुतेक अंड्यांत तो दिसला की शेजाऱ्यांनाही दाखवा.

आता खरा हिशोब. ७ पिल्लं भागिले २४ केलं की २९ टक्के येतात आणि माणूस हिरमुसतो. पण इनक्युबेटरचा हिशोब फलित अंड्यांवर करायचा. तिथे ७ भागिले २०, म्हणजे ३५ टक्के. हाही आकडा वाईटच. घरच्या मशिनमध्ये, घरच्या ताज्या अंड्यांतून ७५-८० टक्क्यांपर्यंत जाणं शक्य असतं. मात्र एवढं कळलं की दुखणं कोंबडीच्या खुराड्यात नाही, मशिनच्या आत आहे.

पिल्लू कुठल्या दिवशी गेलं ते कळलं की कशाने गेलं हे बरंचसं कळतं. उबवणीत मरण दोन टप्प्यांवर जास्त येतं. एक अगदी सुरुवातीला, पहिल्या आठवड्याच्या आत. दुसरं अठराव्या दिवसानंतर, पिल्लू कवच फोडायच्या तयारीत असताना. पहिल्या टप्प्यातल्या मरणामागे बहुधा जुनी अंडी, हाताळताना बसलेले धक्के किंवा चुकलेलं तापमान असतं. टॉर्च लावल्यावर आत रक्ताचं लाल कडं दिसतं ते याच वेळचं. मधल्या काळात, साधारण नवव्या ते चौदाव्या दिवशी, बरीच पिल्लं गेली तर कोंबड्यांच्या खाद्याकडे बघावं लागतं, त्यातही रायबोफ्लेविन या ब जीवनसत्त्वाकडे. अंडी खाण्यासाठी पाळलेल्या कोंबडीला जे खाद्य पुरतं ते पिल्लं काढायच्या अंड्यांना पुरेलच असं नाही. तुमच्याकडे लाल कडी नव्हती आणि मधली मरणंही नव्हती. वीसच्या वीस अठराव्या दिवशी जिवंत होती आणि शेवटच्या पाच दिवसांत १३ गेली. त्यामुळे खाद्य, कोंबडा, कोंबडीचं वय हे सगळं बाजूला ठेवा. राहतात पाणी, हवा आणि झाकण.

पाण्यापासून सुरू करू, कारण तुमची सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे.

अंड्याचं कवच सच्छिद्र असतं. उबेत ठेवलेल्या अंड्यातलं पाणी त्या छिद्रांतून रोज थोडं थोडं उडून जातं आणि ते जायलाच हवं. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी कमी व्हावं लागतं. जितकं पाणी जातं तितकी बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. अठराव्या दिवशी ती अंड्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी दिसायला हवी. या पोकळीचं काम शेवटी येतं. पिल्लू कवचाला चोच लावण्याआधी आतला पडदा फोडून पोकळीत चोच घालतं आणि आयुष्यातला पहिला श्वास तिथे घेतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून ६५-७० टक्के दमटपणा ठेवलात, त्यामुळे अंड्यातलं पाणी बाहेर पडलंच नाही. पोकळी छोटी राहिली, पिल्लू पाण्याने फुगलं, वळायला जागा उरली नाही. पडदा फोडला तेव्हा हवा मिळण्याऐवजी नाकातोंडात पाणी गेलं. फोडलेल्या दोन अंड्यांत दिसलेलं पाणी ते हेच.

कोरडं पडलं की पिल्लं मरतात हे ऐकीव ज्ञान खोटं नाही, पण ते शेवटच्या तीन दिवसांबद्दलचं आहे. पहिले अठरा दिवस ४५ ते ५० टक्के दमटपणा ठेवा, ५५ च्या वर जाऊ देऊ नका. अठराव्या दिवसापासून तो ६५ ते ७० वर न्या. पाणी वाढवताना भांडं खोल घेऊन उपयोग नसतो, पसरट घ्यावं लागतं. वाफ पृष्ठभागावरून होते, तळाशी किती पाणी आहे याला महत्त्व नाही. आणि पाणी कोमट घाला. गार पाणी घातलं की तापमान आणि दमटपणा दोन्ही तासभर डळमळतात.

आता यातली मेख. छोट्या मशिनसोबत येणाऱ्या दमटपणाच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. पाच-दहा टक्क्यांनी खोटं बोलणारी यंत्रं सर्रास असतात. तपासायचा सोपा उपाय आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. हे झाकण आणि सुटा आर्द्रतामापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ६८ दिसले तर यंत्र ७ ने कमी दाखवतं, तेवढे मनात मिळवून वाचायचं. मग हा तपासलेला मापक मशिनमध्ये ठेवून मशिनचा आकडा त्याच्याशी ताडून बघा.

त्याहून भरवशाचा साक्षीदार म्हणजे वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. सहा अंड्यांवर पेन्सिलीने आकडे घाला (मार्कर नको, शाई छिद्रांतून आत जाते) आणि ती एकत्र मोजा. ५५ ग्रॅमचं एक धरलं तर सहा मिळून ३३० ग्रॅम. सातव्या दिवशी यातले साधारण १५ ग्रॅम कमी झालेले असावेत, चौदाव्या दिवशी ३० आणि अठराव्या दिवशी ४० च्या आसपास. सातव्या दिवशी फक्त ८ ग्रॅम उतरले असतील तर पाण्याचं भांडं काढून घ्या, दोन-चार दिवस कोरडं चालवा आणि पुन्हा मोजा. २५ उतरले असतील तर पाणी वाढवा. सहापैकी एखादं कोरं निघालं तर त्याचं सुरुवातीचं वजन वजा करून हिशोब करा. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाचं वजन वेगळंही लिहून ठेवा. काटा हाताशी नसेल तर टॉर्च लावून पोकळीची कड दर आठवड्याला पेन्सिलीने आखा. ती रेषा खाली सरकताना दिसली पाहिजे.

हवेचं थोडक्यात सांगते. ती भोकं शोभेला नसतात. पिल्लू जसं मोठं होतं तशी त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि सगळ्यात जास्त हवा लागते ती नेमकी शेवटच्या तीन दिवसांत. तुम्ही तेव्हाच चिकटपट्टी लावलीत. पुढच्या वेळी अठराव्या दिवशी भोकं पूर्ण उघडा. दमटपणा त्याने खाली येईल, तो पसरट भांड्याने किंवा ओला स्पंज ठेवून वर आणा. दोन्हींपैकी एकच शक्य असेल तर हवा निवडा. ६० टक्के दमटपणात पिल्लं निघतात, कोंडलेल्या हवेत निघत नाहीत.

आणि झाकण. इथे तुमचा जीव तुटतो हे मला कळतं, पण कडक बोलावं लागेल. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबलं की झाकण बंद, आणि शेवटचं पिल्लू निघेपर्यंत बंदच. पिल्लाने कवचाला टवका पाडला की त्या भोकातून आतला पांढरा पडदा उघडा पडतो. तुम्ही झाकण उचललंत की दमट हवा एका झटक्यात निघून जाते, तो पडदा वाळतो आणि प्लास्टिकसारखा पिल्लाच्या अंगाला आवळून बसतो. मग त्याला आत गोल फिरताच येत नाही. तुमच्या तीन टवक्यांचं बहुधा हेच झालं. अठरा दिवस पाण्याचा अतिरेक आणि शेवटच्या घटकेला कोरडेपणा, अशी दोन्हीकडून कोंडी झाली. फवाऱ्याने ती सुटत नाही. ते पाणी कवचावरून उडताना अंडं गार करतं आणि पडदा मात्र पुन्हा वाळतो.

निघालेली पिल्लं आत उपाशी राहतील ही भीती काढून टाका. कवचातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन दिवस सहज राहतं. आत राहू द्या, वाळू द्या, चिवचिवू द्या. त्यांच्या आवाजाने आणि हालचालीने बाकीच्यांनाही चालना मिळते. काढायचीच झाली तर अनेक पिल्लं वाळल्यावर, एकही नवा टवका नसताना, सगळी एकदम काढा आणि पटकन झाकण लावा.

तुमचा दुसरा प्रश्न, हाताने काढायला हवं होतं का? नाही. टवका पडल्यावर पिल्लू १२ ते २४ तास नुसतं पडून राहतं. बाहेरून वाटतं अडकलं, थकलं. आत मात्र काम चाललेलं असतं. पडद्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त अंगात ओढून घेतलं जातं, बलक पोटात जातो, फुप्फुसं हवेला सरावतात. हे पुरं झालं की ते आत फिरत फिरत कवचाची टोपी गोल कापतं आणि पायाने ढकलून देतं. ही शेवटची कापणी कधी तासाभरात होते. घाईने टरफल सोललंत तर रक्तवाहिन्या फुटतात किंवा पोटाबाहेर बलक राहतो आणि पिल्लू हातात जातं. पूर्ण २४ तास उलटून गेले, बाकीची निघून गेली, आवाज येतोय आणि पडदा तपकिरी, चामड्यासारखा दिसतोय, तेवढ्याच वेळी हात घाला. कोमट ओल्या कापसाने पडदा भिजवा, टवक्याभोवतीचं कवच मुगाच्या दाण्याएवढं काढा आणि रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी थांबा, अंडं परत मशिनमध्ये ठेवा.

उरलेली ११ अंडी अजून फेकली नसतील तर फोडा. उघड्यावर, हातमोजे घालून, नाकाला फडकं लावून. हिरवट-काळं पडलेलं, वास मारणारं किंवा पाझरणारं अंडं मात्र फोडू नका, ते पिशवीसकट टाका. बाकीचं बोथट टोकाकडून उघडायचं. पहिल्यांदा पोकळीचा पडदा बघा. त्याला चोचीचं भोक आहे का? नसेल तर पिल्लू श्वासापर्यंत पोचलंच नाही. मग डोकं कुठे आहे बघा. नीट बसलेल्या पिल्लाचं डोकं उजव्या पंखाखाली आणि चोच पोकळीकडे असते. डोकं निमुळत्या टोकाला सापडलं तर ते अंडं उलटं, म्हणजे निमुळतं टोक वर करून लावलं गेलं होतं, किंवा फिरवण्यात कसूर झाली. पोटाशी बलक बाहेरच लोंबतोय का, पाणी किती, अंगावर चिकट पांढरं माखलंय की अंग कोरडं पडून पडद्याला चिकटलंय, हे अंड्याच्या आकड्यासमोर एकेका ओळीत लिहा. माझा कयास आहे की बहुतेकांत पाणी आणि छोटी पोकळी दिसेल. पण ११ पैकी ६-७ उलट्या डोक्याची निघाली तर वर पाण्यावर सांगितलेलं सगळं दुय्यम ठरेल आणि अंडी कशी मांडलीत, फिरवणारा ट्रे खरंच पूर्ण कलतोय का, हे आधी बघावं लागेल. म्हणून फोडा म्हणते. ओंगळ काम आहे, पण यातून जे कळतं ते आणखी २४ अंडी लावूनही कळणार नाही.

एक गोष्ट उरली. पिल्लं विसाव्या दिवसापासून तेविसाव्यापर्यंत रेंगाळत निघाली. एकाच दिवशी लावलेल्या अंड्यांतून पिल्लं साधारण दिवसभराच्या अंतराने निघायला हवीत. आधी दिवसांची मोजणी तपासा. अंडी लावली तो दिवस शून्य. सोमवारी संध्याकाळी लावली तर मंगळवारी संध्याकाळी एक दिवस भरतो आणि २१ वा दिवस सोमवारीच येतो. मोजणी बरोबर असेल तर उशिरा आलेल्यांमागे साठवण असणार. जुन्या अंड्याला सुरुवात करायलाच वेळ लागतो, शिवाय सात दिवसांनंतर त्यातून पिल्लू निघायची शक्यता रोज घसरते. स्वयंपाकघराची ऊब त्यात आणखी वाईट. साधारण २०-२१ अंशांच्या वर भ्रूण अर्धवट जागा व्हायला लागतो, वाढतही नाही आणि झोपतही नाही. अंडी १५ ते १८ अंशांच्या गार कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली ठेवून, जास्तीत जास्त सात दिवस साठवा. तेवढ्यात १४ च जमली तर १४ च लावा. मशिन भरण्याचा मोह महागात पडतो.

लवकर आलेल्यांसाठी मशिनमध्ये एखादी कड जास्त गरम आहे का ते बघा. प्रोब असलेला सुटा तापमापक घ्या, त्याचं टोक कोमट पाण्यात ताप मोजायच्या थर्मामीटरशेजारी बुडवून दोन्हींचे आकडे जुळतात का बघा, मग तो प्रोब अंड्यांच्या उंचीवर चारही कोपऱ्यांत फिरवा. पंख्याच्या मशिनला ३७.५ योग्यच आहे. अर्ध्या अंशाचा फरक कोपऱ्यांत सापडला तर रोज अंड्यांच्या जागा बदला. ३७.५ चा आकडा मात्र उगाच हलवू नका. थोडा वेळ वीज गेली तरी घाबरू नका. गारठा भ्रूण बराच सोसतो, खुडूक कोंबडीही रोज उठून दाणे टिपून येतेच. उष्णता तो सोसत नाही, ४०.५ अंशांवर थोडा वेळही घातक ठरतो. म्हणून मशिन खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेवा.

पुढच्या घाण्याआधी मशिन आतून कोमट साबणपाण्याने पुसा, जंतुनाशक लावा, दिवसभर उघडं वाळवा आणि अंडी न घालता एक दिवस चालवून आकडे स्थिर होतात का बघा. मळकी अंडी धुऊन लावू नका, ओलाव्याबरोबर घाण छिद्रांतून आत जाते. ती सरळ वगळा. आणि दुसऱ्यांदा लिहाल तेव्हा सहा अंड्यांची तीन वजनं, मिठाच्या पिशवीत दिसलेला आकडा आणि फोडलेल्या ११ अंड्यांच्या ओळी सोबत पाठवा.